चूक, परत वाच

“मग येत होतं ते गेलं कुठं?”

तिसऱ्यांदा विचारलं मी. शेळीच्या खुरात काटा गेला होता, तो मदारशा बाबा काढत बसले होते.

“दिवाळीपर्यंत माझी नात घडाघडा वाचत होती. आता तोंड उघडत नाही. अक्षरं काय उडून जातात का, बाबा?”

“पाय धर जरा.”

“काय?”

“शेळीचा. हलते ती.”

सत्तरीच्या माणसानं प्रश्न विचारावा आणि त्याच्या हातात शेळीचा पाय द्यावा. मला राग आला. पण धरला.

मदारशा बाबा गावाबाहेर तकियात राहतात. तकिया म्हणजे फकिराची जागा. एक खोली, एक लिंबाचं झाड, एक दगडी चौथरा, चार शेळ्या. कुणाचं लेकरू दचकायला लागलं, खाईना-पिईना झालं की गावातली माणसं त्याला तिकडं नेतात. हिंदू नेतात, मुसलमान नेतात. बाबा कुणाला तावीज देतात, कुणाला नुसतं पाणी पाजून परत पाठवतात.

मी माझ्या नातीला नेलं होतं. प्रांजल नाव. वय सात, दुसरीत आहे. ती झाडाखाली बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. दोन करडं तिच्या अंगाशी उड्या मारत होती, पण तिनं हात लावला नाही.

रविवार होता. ऊन नुकतं तापायला लागलं होतं.

मी लिंबाजी मिस्त्री. गवंडी. पंचेचाळीस वर्षं दगड बसवले. माझ्या हातची फुगलेली भिंत तालुक्यात कुणी दाखवावी, मी मिशा काढीन.

काटा निघाला. शेळी लंगडत गेली.

“वाचत नाही म्हणून कुणी सांगितलं?” बाबांनी विचारलं.

“गुट्टे बाईंनी. शाळेतल्या. परवा बोलावून घेतलं मला.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणल्या, उभी केली की एक शब्द वाचते आणि थांबते. मग तोच शब्द बदलून वाचते. मग आणखी बदलते. मग गप. परवा तर नुसती उभी राहिली. बस म्हणलं तरी बसली नाही. घंटा झाली तरी उभीच.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

होतं. बाईंनी विचारलं होतं, ‘आबा, घरी अभ्यास तुम्हीच घेता ना?’ मी छाती काढून हो म्हणलो. त्यावर त्या नुसत्या बघत राहिल्या. ते मी बाबांना सांगितलं नाही.

“नजर लागलीय,” मी म्हणलं. “पुढं गेलेलं लेकरू कुणाला बघवतं? एखादा तावीज द्या, बाबा. नाहीतर तो मोबाईल असंल. तिच्या आईकडं हाय एक. नाहीतर बाईच धड शिकवत नसतील. दोन वर्ग आणि एक बाई, काय शिकवणार?”

“तिघांवर झालं.”

“काय?”

“नजर, मोबाईल, बाई. चौथं कोण राहिलं?”

फकिरांना काहीही बोलायची सवय असते.

“घरी अभ्यास कोण घेतं?”

“मी.”

“तू!”

“का? मी का नको?”

“मी कुठं नको म्हणालो. सांग की.”

मला सांगायला आवडायचं ते. गावात कितीजणांना सांगितलं असेल.

शाळेत पालकांची सभा होती. माझा पोरगा पुण्याला कंपनीत. सून शिवकन्या, ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात. म्हणून मी गेलो. बाई म्हणाल्या, शाळेत शिकवतोच, पण लहान लेकरांना घरीही रोज अर्धा तास द्या. फार अवघड नाही. भाकरी मोजायला लावा. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावा. बाजारात जाताना दुकानांच्या पाट्या वाचून घ्या. गोष्ट सांगा, मग तीच गोष्ट लेकराकडून ऐका. असा एक छापील कागदही दिला प्रत्येकाला. मग विचारलं, कोण कोण करणार? सगळे खाली बघायला लागले. कुणाला रान, कुणाला दुकान.

मी हात वर केला. ‘माझ्या नातीचं मी बघतो.’

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

“मग मोजले चिंचोके?” बाबांनी विचारलं.

“चिंचोके मोजणं म्हणजे काय अभ्यास हाय का, बाबा? ते पोरी खेळतात. मी पुस्तक धरलं. रोज दिवेलागणीला. बाईंनी अर्धा तास सांगितला, मी एक घेतो.”

“जास्तीचा.”

“जास्तीचा.”

मला वाटलं कौतुक केलं.

“पाट्या वाचल्या? बाजारात जाताना?”

“सायकलवर काय पाट्या वाचायच्या?”

“गोष्ट?”

“गोष्टी आता राहिल्यात कुठं.”

“बरं. पुस्तक कसं घेतोस?”

“ती वाचते, मी ओळीवर बोट ठेवून बघतो. चुकली की म्हणतो, चूक, परत वाच. पण टिकाव नाही हो पोरीला. मी नुसतं चूक म्हणलं की ही शब्दच बदलते. ‘पत्र’ वाचलं. मी म्हणलं चूक. की लगेच ‘पात्र’. परत चूक म्हणलं की ‘पुत्र’. आता तुम्हीच सांगा, काय करायचं असल्या डोक्याचं?”

“आणि होतं काय?”

“कुठं?”

“पुस्तकात. पत्र की पात्र?”

“मला काय माहीत,” मी म्हणलो. आणि जीभ चावली. “म्हणजे, आता ध्यानात नाही. रोजचे शंभर शब्द, कुठवर ध्यानात ठेवायचे.”

बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. हातातला काटा दोन बोटांत धरून निरखला आणि कुंपणापलीकडं टाकून दिला.

“थैली आणलीस?”

“हत्यारांची? सायकलला हाय की. कायम असते.”

“चौथऱ्याच्या कोपऱ्याचा दगड निखळलाय. तेवढा बसव. ताविजाचं मग बघू.”

मी लगेच उठलो. खरं सांगतो, सुटलो असं वाटलं. दगडाचं काय विचारायचं ते विचारा.

माती कालवली. थापी काढली, हातोडी काढली, दोरी काढली. मागं सावली पडली म्हणून बघितलं, तर प्रांजल उभी. थैलीत वाकून बघत होती. तिनं ओळंबा उचलला.

“आबा, हे काय?”

“ठेव ते. खेळायचं नाही.”

“पण काय हाय?”

“ओळंबा. भिंत सरळ हाय का बघतात त्यानं. जा, पुस्तक काढून बस.”

ती ठेवायला लागली.

“राहू दे तिच्याकडं,” बाबा लांबून म्हणाले.

“तुटंल की, बाबा.”

“लोखंड आहे.”

पोरीनं दोरी धरून ओळंबा सोडला. तो हेलकावे खायला लागला. मग कमी झाला. मग थांबला. ती श्वास धरून बघत होती. पोरगी जन्मल्यापासून मी रोज रात्री ही थैली घरात खुंटीला लावतो. पोरीला कधी हात लावू दिला नव्हता.

खालचा थर खरवडून साफ केला. माती घातली. दगड फिरवून त्याचं दर्शनी तोंड शोधलं, ठेवला, ठोकला.

“धर इथं वरून,” मी पोरीला म्हणलं.

तिनं दोरी धरली. ओळंबा दगडाच्या अंगाला येऊन उभा राहिला. केसाचा फरक नाही.

“चूक,” बाबा म्हणाले.

मी वळून बघितलं. ते पाठमोरे होते. शेळ्यांच्या कुंडीत पाणी ओतत होते.

“बघितलं तरी का तुम्ही?”

“चूक. परत बसव.”

...

जागा त्यांची. फकीर माणूस. म्हातारपणी डोकं चालत नसेल. मी दगड काढला. माती काढली, नवी घातली. दगड ठेवला, ठोकला. पोरीनं न सांगता दोरी धरली. सरळ.

“चूक.”

“ओळंब्यात हाय, बाबा!”

“चूक म्हणलं ना. परत.”

माझे कान तापले. आमदाराच्या घराचं जोतं मी बांधलंय. इंजिनियर येऊन बघून गेला आणि चहा पाजून गेला. आणि हा शेळ्या राखणारा माणूस न बघता मला चूक म्हणतो.

पण हात थांबला माझा. वाटलं, खरंच काही दिसत नसेल मला. डोळे गेले असतील. मग वाटलं, खालचा थरच कललेला असेल. मग काय केलं असेल मी? पोरीच्या हातातून ओळंबा घेतला आणि खोलीच्या दाराच्या चौकटीला लावून बघितला. ओळंबाच खोटा आहे का ते.

पंचेचाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

ओळंबा खरा होता. पण आता माझाच त्याच्यावर भरवसा राहिला नव्हता. म्हणलं, बाबांना जुन्या थराला मिळवून पाहिजे असेल, तो थोडा बाहेर आलाय. मी दगड दोन बोटं पुढं ओढला. ठोकला. मनाला पटत नव्हतं. तरी ठोकला. आणि हातोडी खाली ठेवून बाबांकडं बघत बसलो. ते काय म्हणतात ते.

बाबा हात पुसत आले. पहिल्यांदाच वाकून बघितलं.

“हां,” म्हणाले. “आता खरंच चुकलं.”

...

ते शब्द माझे होते.

तसेच्या तसे. मी रोज दिवेलागणीला म्हणतो. पोरगी एकदा वाचते, मी चूक म्हणतो. ती दुसऱ्यांदा वाचते, मी चूक म्हणतो. ती तिसऱ्यांदा भलतंच वाचते, आणि मी म्हणतो, हां, आता खरंच चुकलीस.

बाबांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं.

माझा सदरा कुणीतरी ओढला. प्रांजल होती. अगदी हळू, बाबांना ऐकू जाऊ नये अशी म्हणाली,

“आबा, पहिला बसवला तोच बरोबर होता.”

मी तिच्याकडं बघितलं. माझं तोंड कसं झालं होतं मला ठाऊक नाही. तिनं ते बघितलं आणि लगेच बदललं.

“नाही... दुसरा. दुसरा बरोबर होता.”

मी दगडाकडं बघितलं.

“तिसरा? कुठला पाहिजे, आबा?”

मी थापी उचलली आणि परत ठेवली.

“बेटा,” बाबा म्हणाले, “त्या करडांना पाला घालतेस? तो बघ, भारा आहे तिथं. एकेक फांदी घाल. भांडतात ती.”

ती गेली. जाताना दोनदा मागं वळून बघितलं.

बाबा माझ्यासमोर मातीतच बसले.

“बोल,” म्हणाले.

आता जे बोललो ते लिहायला लाज वाटते. बोलायला त्याहून वाटली होती.

मी दुसरीत असताना शाळा सोडली. मास्तर मारायचा म्हणून नाही, मीच सोडली. बापाबरोबर माती कालवायला जायचं होतं, ते मला बरं वाटलं. टेपवरचे आकडे मला येतात. नाव येतं. वाचायला बसलो तर एकेक अक्षर लावत लावत वाचतो. जोडाक्षर आलं की अडतो. हे लिहायला किती दिवस लागले ते विचारू नका.

पहिले काही दिवस बरे गेले. पोरगीही सावकाश वाचायची. तिच्या बोटामागं माझं बोट. मग गणपती झाले आणि ती सुटली. भरभर वाचायला लागली. मी पहिल्या शब्दावर असायचो आणि ती ओळ संपवून पुढं. मला शब्द लागेना. काय करावं कळेना. एक दिवस मधेच म्हणलं, चूक, परत वाच.

ती थांबली. मागं आली. तेवढ्यात मला तो शब्द लागला.

दुसऱ्या दिवशी परत तेच केलं.

मला नुसता वेळ पाहिजे होता, बाबा. चूक म्हणायचं मनात नव्हतं. थांब म्हणायला पाहिजे होतं. पण थांब म्हणलं असतं तर तिनं विचारलं असतं, का?

“मग ती शब्द बदलायला लागली,” मी म्हणलो. “तोवर मला पहिला शब्द लागलेला असायचा. तिनं बदललेला त्याच्याशी जुळायचा नाही. मग मी म्हणायचो, आता खरंच चुकलीस. आणि ते खरं असायचं, बाबा. तेव्हा ते खरं असायचं.”

“मारलंस?”

“एकदा.”

“कशावरून?”

“‘म्हातारा’ म्हणून शब्द होता. तिनं वाचला. मला तो ‘म्हा’ लागायला वेळ लागला. मी चूक म्हणलं. तिनं परत तेच वाचलं. परत चूक म्हणलं. ती म्हणाली, आबा, म्हाताराच हाय. उलट बोलते म्हणून कानाखाली दिली.”

“आणि?”

“म्हाताराच होता.”

लांब करडं पाल्यासाठी भांडत होती. पोरगी त्यांना एकेक फांदी देत होती, बरोबर वाटून. बाबांनी एक खडा उचलला आणि या हातातून त्या हातात घेत राहिले.

“बाईंना का नाही सांगितलंस? मला येत नाही म्हणून?”

“टाळ्या वाजल्या होत्या, बाबा.”

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

“तावीज पाहिजे होता ना तुला?”

“होता.”

“आहे माझ्याकडं. कुणाच्या दंडाला बांधू?”

पोरीकडं बोट करायची हिंमत नव्हती आणि माझा हात पुढं करायचीही नव्हती.

“उद्यापासून बंद करतो,” मी म्हणलं. “शिवकन्येला सांगतो, तूच बघ. मला आता दिसत नाही म्हणून सांगतो. चष्म्याचा नंबर वाढला म्हणतो.”

“आणखी एक.”

“काय आणखी एक?”

“नजर, मोबाईल, बाई. आता चष्मा.”

मला झोंबलं. मी उसळलो.

“मग काय करू? सांगू तिला? सात वर्षांची हाय ती! तिला काय सांगू, तुझा आबा अडाणी हाय? घरात मला कोण विचारतं, बाबा? पोरगा महिन्यातून एक फोन करतो, तोही बायकोला. सून ताट वाढते आणि निघून जाते. तेवढं एक लेकरू मला मोठा समजतं.”

“समजतं?”

“समजत नाही तर काय!”

“भिते.”

...

“पुस्तक उघडलं की ती काय बघते, ते कधी बघितलंस?” बाबांनीच विचारलं.

“अक्षरं बघते. आणखी काय बघणार?”

“तू अक्षरं बघत असतोस. म्हणून तुला दिसलं नाही. ती तुझ्या भुवया बघते. आत्ता दगडाचं विचारताना बघितलंस ना? तसं. तीनदा दगड बसवलास, दोनदा ओळंबा तिच्या हातात होता, तिला दिसत होतं कधी सरळ बसला ते. तरी तुला विचारलं, कुठला पाहिजे.”

मला उठून जावंसं वाटलं. सायकल समोरच होती. बाबांनी हात पुढं केला.

“टॉवेल दे.”

“कशाला?”

“दे.”

त्यांनी स्वतःच माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. मातीचे हात पुसून तो चिखलानं भरला होता. झटकला आणि माझ्या डोक्यावरून टाकला. पुढं ओढून पार हनुवटीच्या खाली आणला.

“बाबा, हे काय...”

“गप. हात खाली.”

हात खाली ठेवले. टॉवेलात ओल्या मातीचा आणि घामाचा वास. काही दिसत नव्हतं, नुसता पिवळा उजेड.

“बेटा!” बाबांनी हाक मारली. “पुस्तक घेऊन ये.”

पावलं आली. थांबली.

“आबाला काय झालं?”

“ऊन लागलं.”

“पाणी आणू?”

“नको. वाच.”

“कुठलं?”

“तुला आवडतं ते.”

मग दप्तराची चेन. मग पानं उलटल्याचा आवाज. मग परत काही नाही. माझ्या टॉवेलाची कड जरा हलली. खालून वाकून बघत होती.

“आबा, बघतोस का?”

“त्याला काही दिसत नाही,” बाबा म्हणाले. “मलाही येत नाही वाचायला. तूच सांग काय लिहिलंय ते.”

ती खोकली. वाचायला लागली.

“विहिरीवर... बेडकांची सभा... भरली.”

थांबली. ‘चूक’ येईल म्हणून थांबली. मला ते टॉवेलातून कळलं. मी दात आवळून बसलो.

‘चूक’ आलं नाही.

“म्हातारा बेडूक म्हणाला, पावसाचं पत्र अजून आलं नाही.”

पत्र. पत्रच होतं ते.

“लहान बेडूक म्हणाला, पोस्टमन बदकाला... वि... विस... विसराळूपणा भारी. त्यानं पत्र... नाही... पत्रच. त्यानं पत्र पाण्यात टाकलं असेल. सगळे बेडूक ओरडले, मग बुडी मारा आणि शोधा!”

ती हसली.

वाचता वाचता हसली. पुढं तिचा आवाज उतारावरून सोडलेल्या सायकलीसारखा जायला लागला. एका ठिकाणी अडली. शब्दाचे तुकडे केले, एकेक जुळवून बघितला, मोडला, परत जुळवला, आणि तिला लागला. कुणी सांगितला नाही. ती आपली पुढं गेली.

दोन महिने मी तोच धडा घेत होतो. रोज एक तास. त्यात बेडूक आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

“...आणि सगळ्यांच्या डोक्यावर टपटप पत्रं पडायला लागली. संपलं.”

पुस्तक मिटल्याचा आवाज.

“आबा?”

“हं.”

“बरोबर होतं का?”

टॉवेलात मला घाम फुटला. बरोबर म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं. मलाही म्हणायचं होतं. पण तेही चूक म्हणण्यासारखंच झालं असतं. मला कुठं दिसत होतं पुस्तक? आणि दिसलं असतं तरी तेवढ्या वेळात काय लागलं असतं?

“मला माहीत नाही, बाळा.”

“म्हणजे?”

“मला एवढं भरभर वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. तू वाचायचीस ते मला लागायचंच नाही. मी उगाच चूक म्हणायचो.”

दप्तराची चेन परत वाजली.

“तू बरोबर वाचायचीस,” मी म्हणलं. “मी बदलायला लावायचो.”

...

“म्हातारा पण?” तिनं विचारलं.

इतके दिवस झाले होते. मला वाटलं होतं विसरली असेल. लेकरं विसरतात म्हणतात.

“म्हातारा पण बरोबर होता.”

ती रडली नाही. आबा जाऊ दे, असंही म्हणाली नाही. पाय वाजले नाहीत, म्हणजे गेली नव्हती. जवळही आली नव्हती. कुठंतरी तिथंच, हातभर अंतरावर उभी होती आणि माझ्याकडं बघत होती, किंवा बघत नव्हती. मला काही कळत नव्हतं. माझा श्वास टॉवेलात घुटमळत होता आणि डोळ्यांतलं पाणी मातीत मिसळून ओठांवर येत होतं.

मला तिचं तोंड बघायचं होतं. एवढं बोललो, निदान ती कशी बघते ते कळावं. मी टॉवेल काढायला हात उचलला.

बाबांनी माझं मनगट धरलं.

“राहू दे, मिस्त्री,” म्हणाले. “आत्ता कुठं तिला तुझं तोंड दिसायला लागलं.”